वाचकांचे प्रश्न : वस्ती कोणाच्या जमिनीवर उभी आहे?

नागपुरातल्या मोहल्ल्यांविषयी आणि लेआउटांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही यावेळी घेतली आहेत. एकाचा प्रश्न इतिहासाचा, दुसऱ्याचा प्लॉटचा, तिसऱ्याचा निवडणुकीचा. तरी बहुतेक उत्तरं एकाच ठिकाणाहून सुरू होतात : घराखालची जमीन आधी कोणाची होती? मालगुजाराची (गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराची), सरकारी नझूलची, शहरात वस्त्या आखणाऱ्या सुधार प्रन्यासच्या योजनेतली, की एखाद्या गृहनिर्माण संस्थेने शेतकऱ्याकडून घेतलेली? हे कळलं की वस्तीचं अर्धं राजकारण उलगडतं.

आमचं घर त्रिमूर्तीनगरात आहे, पण रजिस्ट्रीत ‘मौजा भामटी, प.ह.नं., खसरा नं.’ असं लिहिलं आहे. भामटी नावाचं गाव खरंच होतं का? त्याचा इतिहास कुठे मिळेल?

होतं, आणि महसुली दप्तरात आजही आहे. शहर वाढलं, शेतांचे प्लॉट झाले, पण जमिनीच्या नोंदी गावाच्याच नावाने राहिल्या. मनीषनगरच्या रजिस्ट्रीत सोमलवाडा येतं, गोपालनगरच्या रजिस्ट्रीत परसोडी येतं, तेही यामुळेच. मौजा म्हणजे महसुली गाव. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, एका पटवाऱ्याकडे असलेल्या गावांचा गट. खसरा म्हणजे शेताचा नंबर. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला सर्व्हे नंबर किंवा गट नंबर म्हणतात ते.

शोध आजच्या कागदापासून मागे न्यायचा. आधी त्या खसऱ्याचा सातबारा महाभूलेखवर पाहा. प्लॉट पडल्यामुळे तो बंद झालेला असेल किंवा संस्थेच्या नावावर असेल, तरी चालेल. आपल्याला हवेत त्यावरचे फेरफार नंबर. प्रत्येक फेरफार सांगतो की जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या तारखेला, खरेदीने की वारसाने गेली. एका फेरफारावरून त्याच्या आधीच्या फेरफारावर जायचं. बरेच जुने कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. जे नाहीत त्यांच्या नकलेसाठी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्यावा लागतो. असं मागे जात तुम्ही १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापाशी पोचाल. विदर्भातल्या जमिनीच्या वादात हा कागद सगळ्यात जास्त मागितला जातो, कारण मालगुजारी गेल्यानंतरची मालकी तो दाखवतो.

मालगुजारी गेली ती मध्यप्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी होतं, म्हणून आपल्याकडे तिकडचा कायदा लागला. गावातला तलाव, चराई, रस्ते, पडीक जमीन सरकारकडे गेली, मालगुजाराकडे त्याची घरची शेती उरली. पुढे प्लॉट पडले ते बहुतेक याच शेतीत आणि कुळांच्या शेतात. त्याआधीच्या काळासाठी बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमिनीचा सारा ठरवताना केलेलं गावाचं दप्तर, पाहायची. तीत मालगुजाराचं नाव, खसरावार काश्तकार, विहिरी, झाडं हे सगळं असतं. गावाची वाजिब-उल-अर्ज मिळाली तर सोडू नका. पाणी कोण घेई, गुरं कुठे चरत, लाकूड कोणी तोडायचं, या गावच्या चालीरीती तिच्यात लिहून ठेवलेल्या आहेत. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मिळणार नाही अशी ही माहिती आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली क्षेत्रफळाची. मध्य प्रांताच्या जुन्या कागदात क्षेत्र एकर आणि डिसमिलमध्ये आहे, १०० डिसमिलचा एक एकर. ‘३.२५’ म्हणजे सव्वातीन एकर. पुण्याकडच्या सवयीने कोणी ते तीन एकर पंचवीस गुंठे असं वाचलं, तर ४० गुंठ्यांच्या हिशेबाने जमीन साडेतीन एकरांच्या वर जाते आणि पुढचा सगळा ताळा चुकतो. दुसरी चूक खसरा नंबराची. बंदोबस्त बदलला की नंबर बदलू शकतात, वाटणीत ४५ चे ४५/१, ४५/२ होतात. म्हणून नुसत्या नंबरावर विसंबू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या आणि नाला, विहीर, शेजारचा खसरा यांवरून जागा जुळवा.

कागद मिळेपर्यंत पायी फिरूनही बरंच कळतं. आखीव चौकोनी प्लॉटांच्या मधोमध अचानक वाकड्या गल्ल्या, मारुतीचं देऊळ, जुनी विहीर आणि चिकटून बांधलेली घरं दिसली, तर ते मूळ गावठाण समजा.

पूर्व नागपूर आणि पश्चिम नागपूर यांत इतका फरक का? शहर तर एकच आहे.

सुरुवातीपासून ती दोन गावं आहेत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, गावाला कोट घातला, जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसांच्या भांडणात रघूजी भोसले आले आणि १७४३ पर्यंत सत्ता त्यांच्या हाती गेली. महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी हे सगळं या जुन्या गावाचं. वारांची नावं आठवडी बाजारांवरून आली आहेत.

इंग्रजांचा रेसिडेंट मात्र पश्चिमेला, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे राहिला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, त्यानंतर तिथे किल्ला बांधला गेला. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि कचेऱ्या, बंगले, सिव्हिल लाइन्स पश्चिमेला वाढत गेल्या. १८६७ मध्ये रेल्वे आली ती नेमकी दोन्हींच्या मधून. कारखाने, लाकडाच्या वखारी, विणकर आणि मजूर पूर्वेला राहिले. साहेब, वकील, कॉलेजं पश्चिमेला. अंबाझरी, तेलंगखेडी हे मोठे तलावही पश्चिमेकडेच, चढावर आहेत. नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे शहराचं सांडपाणी शेवटी पूर्वेच्या वस्त्यांजवळून जातं. ही गोष्ट पूर्व नागपूरकरांनी प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी ठासून मांडायला हवी, कारण ती मतांची बाब नाही, जमिनीच्या उताराची आहे.

महालातल्या आमच्या घराच्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) आजोबांचं नाव आहे आणि ‘नझूल’ असा शेरा आहे. आम्ही मालक आहोत की नाही?

घराचे आहात, जमिनीचे कदाचित नाही. नझूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन. ती लोकांना पट्ट्याने, साधारण ३० वर्षांच्या मुदतीने दिलेली असते. पट्ट्याची मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही आणि दोन पिढ्या तशाच राहत आल्या, असं जुन्या नागपुरात सर्रास आहे. घर विकायला किंवा पाडून बांधायला निघाल्यावरच ते उघडकीला येतं.

आधी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची ताजी नक्कल घ्या. त्यासाठी शीट नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि चलता नंबर लागतो. तिन्ही जुन्या रजिस्ट्रीत सापडतात. महापालिकेचा घर नंबर वेगळा. तो देऊन पत्रिका मिळत नाही, आणि अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण हेच असतं. पत्रिकेत धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने आहे त्याचा, रकाना आणि पट्ट्याची मुदत पाहा. मग वारस नोंद करा : मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मूळ पत्रिका. एकाही बहिणीचं नाव गाळू नका. गाळलेलं नाव वीस वर्षांनी दिवाणी दाव्याच्या रूपाने परत येतं, आणि ते मुळातच अन्यायाचं आहे. वारस चढल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल पट्ट्यांसाठी रेडीरेकनरच्या ठरावीक टक्के रक्कम भरून जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, करून घेण्याचं धोरणही आहे. हा टक्का सरकारने वेळोवेळी बदलला आहे. अर्जाच्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय मागून घ्या, शेजाऱ्याने भरलेल्या रकमेवर जाऊ नका.

एम्प्रेस मिल नेमकी कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली?

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. राणी व्हिक्टोरियाला त्याच दिवशी सम्राज्ञी घोषित केलं गेलं, म्हणून एम्प्रेस. १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. जुम्मा तलावाजवळच्या त्या जागेवर आता मॉल आणि इमारती आहेत. कामगारांच्या जुन्या ओळखपत्रांना, पगाराच्या चिठ्ठ्यांना, बोनसच्या पावत्यांना घरात जपा. शहराच्या सव्वाशे वर्षांच्या कष्टाचा तो पुरावा आहे.

संस्थेकडून १९८० च्या सुमारास वडिलांनी प्लॉट घेतला. आरएल (प्लॉट नियमित केल्याचं प्रन्यासचं पत्र) नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. सुधार प्रन्यासमध्ये काय करायचं?

नागपुरात हा प्रश्न हजारो घरांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली. तिने स्वतः आखलेल्या योजनांमधले प्लॉट कागदोपत्री सरळ आहेत. अडचण आहे ती प्रन्यासच्या मंजुरीविना पडलेल्या लेआउटांची. गृहनिर्माण सहकारी संस्थांनी शेतकऱ्यांकडून जमीन घेतली, अकृषक परवानगी न घेताच कागदावर रस्ते आणि प्लॉट आखले आणि सभासदांना विकले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने, म्हणजे यूएलसीने, गुंता आणखी वाढवला. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट नियमित करायची वाट खुली झाली. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट त्यात येत, २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. ‘५७२ लेआउट’, ‘१९०० लेआउट’ असं लोक बोलतात ते नियमितीकरणासाठी केलेल्या याद्यांवरून. आपला लेआउट कोणत्या यादीत आहे हे पहिल्यांदा विचारा, कारण फाईल कोणाकडे आहे ते त्यावर ठरतं. २०१९ मध्ये प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय झाला, तो पुढे फिरवला गेला. त्या सुमारास अर्ज दिला असेल तर फाईल प्रन्यासमध्ये आहे की महापालिकेत, याची लेखी चौकशी करा.

अर्जासोबत नोंदणीकृत रजिस्ट्री, लेआउटचा नकाशा, सातबारा आणि ठरलेल्या तारखेआधीचा एखादा पुरावा लागतो : टॅक्स पावती, विजेचं बिल. जागेची पाहणी होते, मग डिमांड निघते. तीत विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क, म्हणजे नियमभंग मिटवण्याची रक्कम, असतं. भरल्याची पावती जपून ठेवा, त्यानंतर आरएल मिळतं.

अर्ज अडकतात त्याची कारणं ठरलेली आहेत. वडिलांकडे नुसतं कब्जापत्र किंवा संस्थेची पावती असेल तर ती मालकी नाही. आधी रजिस्ट्री करून घ्यावी लागते, आणि संस्था अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं. संस्थेच्या नकाशातला प्लॉट नंबर आणि मंजूर नकाशातला नंबर वेगळा असू शकतो, कारण रस्ता रुंद करताना प्लॉट सरकवलेले असतात. तुमच्या प्लॉटचा काही भाग रस्त्यात, नाल्यात, उच्चदाब वाहिनीखाली किंवा विकास आराखड्यातल्या आरक्षणात असेल तर तेवढ्या भागाला आरएल मिळत नाही. एकच प्लॉट दोघांना विकल्याची प्रकरणंही कमी नाहीत. पैसे भरण्याआधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर खसरा नंबर टाकून व्यवहार तपासा. तिथे नागपूरचे २००२ नंतरचे दस्त दिसतात. त्याआधीच्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स काढावी लागते.

आणि आरएल म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. नकाशा मंजुरी वेगळी घ्यावी लागते. आरएल हातात आलं म्हणून लगेच दुसरा मजला चढवणाऱ्यांना नोटिसा आल्या आहेत.

आमच्या लेआउटमधल्या खुल्या जागेवर बांधकाम सुरू झालं आहे. तक्रार कुठे करायची?

ती जागा कोणत्या प्रकारची आहे, यावर सगळं अवलंबून आहे. लेआउट मंजूर करताना सोडलेली खुली जागा किंवा पीयू लँड (सार्वजनिक उपयोगाची जागा) ही एक गोष्ट. विकास आराखड्यात मैदान, शाळा, बगीचा म्हणून आरक्षित केलेली जागा ही दुसरी. लोक दोन्ही एकच समजतात आणि चुकीच्या दारात उभे राहतात.

मंजूर लेआउट नकाशाची प्रमाणित प्रत मागा. ती सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज द्या. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहायचा असतो. दहा रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस, न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहू नका. ‘मौजा अमुक, खसरा नंबर अमुक येथील मंजूर अभिन्यासाचा नकाशा व मंजुरीचे पत्र’ असं नेमकं मागा. नकाशात ती जागा खुली दाखवली असेल तर तारखेचे फोटो आणि नकाशाची प्रत जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जागा अजून प्रन्यासच्या ताब्यात असेल तर तक्रार तिच्या विभागीय अधिकाऱ्याकडे. तोंडी तक्रारीचा उपयोग नाही. दहा-बारा घरांच्या सह्या असल्या तर फार बरं. देऊळ किंवा विहार उभं राहण्याआधीच, पायाच्या वेळी बोला. नंतर कोणताही नगरसेवक तुमच्या बाजूने उभा राहायला कचरतो.

आराखड्यातल्या आरक्षणाला दुसरा धोका आहे. नागपूरचा सध्याचा आराखडा २०००-२००१ मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षं होऊनही जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही तर आरक्षण संपतं. मैदानं अशीच जातात, गाजावाजा न होता. कलम ३७ खाली फेरबदल करताना मात्र जाहीर नोटीस द्यावी लागते आणि एक महिना हरकती घेतात. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या नोटिसा वाचायची जबाबदारी मोहल्ल्यातल्या एका माणसावर कायमची सोपवा.

दर निवडणुकीत आमचा प्रभाग बदलतो. शेजारच्या गल्लीचा नगरसेवक वेगळा, आमचा वेगळा. हे कोण ठरवतं?

राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीत ठरतं, पण एका प्रभागात किती नगरसेवक असावेत हे राज्य सरकार कायद्याने ठरवतं आणि ते सारखं बदलत आलं आहे. नागपुरात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०१७ मध्ये १५१ जागा ३८ प्रभागांत बसवल्या : ३७ प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, म्हणजे एका प्रभागात सुमारे ६५ हजार माणसं. एवढ्या मोठ्या प्रभागात नाली तुंबली तर चौघांपैकी कोणाला धरायचं, हा लोकांचा सवाल रास्त आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आला, तेव्हा तर विचारायला कोणीच उरलं नाही.

सीमा आखायचे नियम मात्र ठरलेले आहेत. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त चालते. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेला घरांचा गट, फोडायचा नसतो. मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वेलाइन या सीमा धरायच्या असतात. प्रारूप रचना जाहीर झाली की थोडे दिवस हरकती घेतात आणि सुनावणी होते. ‘आमची वस्ती तोडली’ एवढं लिहिलेली हरकत टिकत नाही. कोणता प्रगणक गट, त्याची लोकसंख्या किती, तो पलीकडे घेतला तर दोन्ही प्रभागांचे आकडे दहा टक्क्यांत बसतात का आणि कोणता रस्ता किंवा नाला ओलांडला आहे, हे मांडा. यापुढचा घोळ मतदार यादीत होतो. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची यादी करतात, तेव्हा सीमेवरची घरं पलीकडच्या प्रभागात जातात. प्रारूप यादीत आपली अख्खी ओळ शोधा, नुसतं स्वतःचं नाव नाही.

आमच्या वस्तीचं नाव जातीवरून आहे. मुलांना शाळेत पत्ता सांगायला संकोच वाटतो. नाव बदलता येतं का?

येतं, आणि यासाठी तुम्हाला कोणाची मेहेरबानी मागायची नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. शहरात हा ठराव महापालिका करते. वस्तीची बैठक घ्या, दोन-तीन नावं सुचवा, सह्यांचं निवेदन झोन कार्यालयात आणि नगरसेवकाकडे द्या. निवेदनात सामाजिक न्याय विभागाच्या त्या निर्णयाचा उल्लेख जरूर करा. ठराव झाल्यावर पाटी आपोआप बदलत नाही. झोनच्या अभियंत्याकडे वेगळा पाठपुरावा करावा लागतो. टॅक्स पावती, विजेचं बिल, आधार यांवरचा पत्ता एकेक करून बदलावा लागेल, त्यासाठी ठरावाची प्रमाणित प्रत प्रत्येक घरात असू द्या. रजिस्ट्रीला हात लावायची गरज नाही, कारण तिच्यात मौजा आणि खसरा किंवा सिटी सर्व्हे नंबर आहेच.